मंगलताईंचं सकाळचं रीडिंग

मंगलताई देवघरेंनी माझी ओळख करून घेतली ती चेहऱ्यावरून नव्हे, डोळ्यांवरून. चंदीगडला येऊन मला जेमतेम महिना झाला होता. नवरा फौजेत, त्यामुळे बदली हा आमच्या घरातला ऋतूच. दर अडीच-तीन वर्षांनी येतो आणि पेट्या बांधायला लावतो. या खेपेला मात्र मी हट्टाने नोकरी शोधली. माझी मानसशास्त्राची एम.ए. पंधरा वर्षं ट्रंकेच्या तळाशी पडून होती. एका सरकारी इस्पितळात स्किझोफ्रेनिया झालेल्या माणसांच्या नजरेचा अभ्यास चालू होता, तिथे मदतनीस म्हणून मला घेतलं.

पहिल्या दिवशी त्या अंधाऱ्या खोलीत शिरले तर करडी शाल गुंडाळलेली एक ठेंगणी बाई पाठमोरीच म्हणाली, "आओ जी, ठोडी यहाँ रखो."

"मैं पेशंट नहीं हूँ. नई आई हूँ, प्रोजेक्ट में."

"तो क्या हुआ? आँखें तो हैं ना?"

डोळे होते, त्यामुळे मुकाट्याने टेबलावरच्या यंत्राच्या चौकटीत हनुवटी ठेवायला वाकले आणि वरच्या पट्टीवर कपाळ आपटलं. "अगं आई गं!" तोंडून निघालं. बाई गर्रकन वळल्या. "बाप्पा! मराठी का तू? कुठली?"

"साताऱ्याची."

"बस मग सातारकरीण. हलू नको. ठिपका जाईल तिकडे नजर न्यायची, मान नाही न्यायची."

पडद्यावर एक पांढरा ठिपका डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे संथ फिरत होता. समोरचा कॅमेरा माझ्या डोळ्याकडे बघत होता आणि मंगलताई दुसऱ्या पडद्यावर उमटणाऱ्या रेघेकडे. अर्धं मिनिट झालं नसेल, त्यांनी विचारलं, "काल झोपली नाही न तू? भांडण झालं का घरी?"

झालं होतं. पेट्या कुठल्या खोलीत उघडायच्या यावरून रात्री आमची चांगलीच जुंपली होती. मी चौकटीतून मान काढली, तर त्या हसून म्हणाल्या, "घाबरू नको. नजर अडखळून राहिली जराशी. झोप नाही झाली का सगळ्यांचीच अडखळते."

हे यंत्र काय करतं ते इथेच सांगून टाकते, म्हणजे पुढे घोळ नको. चालता ठिपका बघताना साधारणपणे आपला डोळा त्याच्या सोबतीने घसरत जातो आणि रेघेची गुळगुळीत लाट उमटते. हा आजार असलेल्या पुष्कळ जणांची नजर ठिपक्याच्या मागे पडते, मग झेप घेऊन त्याला गाठते, पुन्हा मागे पडते. मग लाटेच्या जागी पायऱ्या उमटतात. पण गंमत अशी की आजार नसलेल्या त्यांच्या भावाबहिणींतही काहींच्या रेघेला अशा पायऱ्या असतात, आणि ज्यांच्या घरात सात पिढ्यांत कुणाला काही झालेलं नाही अशांच्याही कधीकधी असतात. म्हणून हजारो रेघा एकत्र ठेवल्या तर अभ्यासाला उपयोग; एका माणसाची रेघ बघून त्याचं भविष्य सांगता येत नाही.

ही गोष्ट मंगलताईंइतकी सोपी करून सांगणारं माणूस मी पाहिलं नाही. बाहेरच्या बाकावर पेशंटचे आईबाप बसलेले असायचे, कुणी रोपडकडून आलेले, कुणी अंबाल्याहून. दार उघडलं की सगळे एकदम उठायचे. एकदा एक उंचेपुरे सरदारजी मुलाचा हात धरून उभे होते. मुलगा पंचविशीचा असेल. सरदारजी एक पाऊल पुढे आले. "मैडम जी, निकला कुछ?"

"इसमें कुछ नहीं निकलता, बाबाजी," मंगलताई म्हणाल्या. "यह देखने की मशीन है, बताने की नहीं. बेटा दवाई खा रहा है? सो रहा है? बस, वो देखो. इसको भूल जाओ."

सरदारजींनी इतका मोठा सुस्कारा सोडला की बाकावरच्या बाकीच्यांनाही बरं वाटलं असावं. "इसमें कुछ नहीं निकलता" हे वाक्य त्या दिवसाला दहा वेळा म्हणत, आणि दहाव्या वेळीही पहिल्याइतक्याच मनापासून.

त्यांच्या वागण्याला एक शिस्त होती आणि शिस्तीला तऱ्हेवाईकपणाची फोडणी. हनुवटीची चौकट स्पिरिटच्या बोळ्याने दोनदा पुसायची. एकदा पेशंटसाठी, एकदा "आपल्या समाधानासाठी". खोलीत घड्याळ नको, टिकटिकीने लक्ष जातं. पेशंटला "आप बीमार कब हुए" असं विचारायचं नाही; "पढ़ाई कहाँ तक हुई" असं विचारायचं. डब्यात गुरुवारी गोळाभात आणायचा आणि वर मोहरीचं कडकडीत तेल घालायचं. विभागातली पंजाबी मंडळी त्याला 'पकौड़ा चावल' म्हणत आणि मंगलताई भडकत. "पकोडा म्हणे! यांच्या बापाने खाल्ला होता का गोळाभात?" असं मराठीत म्हणत म्हणत त्या प्रत्येकाच्या ताटलीत दोन-दोन गोळे वाढत.

आणि सकाळचं रीडिंग. साडेनऊला पेशंट सुरू व्हायचे, पण मंगलताई आठच्या आत हजर. यंत्र नीट चाललंय ना हे बघायला त्या रोज आधी स्वतःची हनुवटी चौकटीत ठेवत आणि स्वतःच्या डोळ्यांचं रीडिंग घेत. "दुसऱ्याला बसवण्याआधी आपण बसून पाहावं," त्या म्हणत. "चहा कसा, पहिला कप स्वयंपाकीण चाखते." ती फाईल नंतर पुसून टाकते, असंही त्यांनी सांगितलं होतं. मी येण्याच्या नऊ वर्षं आधी हे यंत्र आलं, तेव्हापासूनचा हा नेम. विभागप्रमुख डॉक्टर, आम्ही त्यांना मोठ्या मॅडम म्हणायचो, त्या या निष्ठेचं सगळ्यांपुढे कौतुक करत. कौतुक ऐकताना मंगलताई खाली बघत. मला तो विनय वाटायचा.

त्यांच्या घरी मी जेवायला गेले ती पहिल्या हिवाळ्यात. वडील हवाई दलात होते, मूळचे नागपूरचे. निवृत्तीनंतर पंचकुल्याला दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेऊन राहिले. आईवडील दोघंही गेले. आता घरात मंगलताई आणि त्यांचा थोरला भाऊ विनायक, म्हणजे विनूदादा. ते इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना आजारी पडले. मंगलताई तेव्हा बारावीत होत्या. त्याच आजाराच्या अभ्यासात मी नोकरी करत होते, तरी विनूदादांना भेटेपर्यंत मला वाटायचं की मला त्याबद्दल बरंच कळतं.

विनूदादांनी दार उघडलं, माझ्या चेहऱ्याकडे न बघता माझा चष्मा मागितला, कुर्त्याच्या टोकाने दोन्ही काचा स्वच्छ पुसल्या आणि परत दिला. "आता दिसेल," म्हणाले. घरी येणाऱ्या प्रत्येकाचा चष्मा ते असा पुसत. पन्नाशीला आलेला, केस पिकलेला, मऊ आवाजाचा माणूस. औषधं नियमित, सकाळी पुनर्वसन केंद्रात जाऊन कागदी पिशव्या करायच्या, दुपारी घरी यायचं. मंगलताईंनी मला हसतहसत सांगितलं की एकदा विनूदादांनाही त्यांनी यंत्रावर बसवून फोटो दाखवले होते. लग्नातला फोटो आला की कुठल्याही माणसाची नजर आधी नवरीच्या तोंडावर जाते, मग नवऱ्याच्या, मग दागिन्यांवर. विनूदादा दहा सेकंद मागच्या भिंतीवरच्या बटणाकडे बघत बसले. का विचारलं तर म्हणाले, "दिवसाढवळ्या दिवा चालू होता." खरंच चालू होता! आमच्यापैकी कुणाच्या ध्यानात आला नव्हता.

मंगलताई भाकरी थापायला आत गेल्या तेव्हा मला ती गोष्ट दिसली. स्वयंपाकघराच्या चौकटीला स्कूटरचा एक गोल आरसा स्क्रूने बसवला होता. ओट्याशी उभं राहून बाहेरची खोली त्यात दिसावी असा कोन साधून. मी त्याकडे बघतेय हे विनूदादांना कळलं.

"मंगल त्यातून माझ्याकडे बघते," ते हळूच म्हणाले. "तिला वाटते, मला माहीत नाही."

"काळजी वाटत असेल त्यांना तुमची."

"माझी नाही." ते माझ्या पायातल्या मोज्यांकडे बघत होते. "माझं काय व्हायचं ते होऊन गेलं. ती पुढचं बघते. स्वतःचं."

आतून मंगलताईंनी "काय बोलून राहिले दोघं?" असं विचारलं आणि विनूदादा म्हणाले, "मोजे छान आहेत यांचे." मी त्यांचं बोलणं मनावर घेतलं नाही. आजारी माणूस काहीतरी बोलतो, असं म्हणून सोडून दिलं. माझ्या पदवीची किंमत तेवढीच.

दोन वर्षांनी माझ्या हातून ती चूक झाली.

नव्या विद्यार्थ्यांचा वर्ग होता. मोठ्या मॅडमनी मला दोन रेघा निवडून पडद्यावर लावायला सांगितल्या, एक निरोगी माणसाची आणि एक पेशंटची. आमच्याकडे फाईलला नाव नसतं, फक्त आकडे, म्हणजे कुणाची ओळख फुटू नये. घाईत मी कॉम्प्युटर धुंडाळत असताना शून्याने सुरू होणाऱ्या आकड्यांचा एक फोल्डर सापडला. आत फाईलीच फाईली. सगळ्यांत वरची उघडली तर पायऱ्या इतक्या ठळक की मी खूश झाले. पाठ्यपुस्तकात छापावी अशी रेघ! तीच लावली.

"हाँ, यह देखो," मोठ्या मॅडम म्हणाल्या. "कितनी साफ है. बताओ, यह किसकी है?"

"पेशंट की, मॅडम," पन्नास पोरं एका सुरात ओरडली.

वर्गाच्या मागे, दिव्यांच्या बटणांपाशी मंगलताई बसल्या होत्या. एकाएकी सगळे दिवे लागले. पडद्यावरची रेघ पुसट झाली, पोरं डोळे चोळायला लागली. "सॉरी मॅडम, हाथ लग गया," मंगलताई म्हणाल्या. पण हात बटणावरून काढेनात. मी वळून फाईलची वेळ पाहिली. त्याच दिवशीची, सकाळी आठ वाजून दहा मिनिटं. त्या वेळी प्रयोगशाळेत फक्त एकच माणूस असायचं.

वर्ग संपेपर्यंत मी कशी उभी राहिले ते माझं मला ठाऊक. जन्मात मला इतकी शरम वाटली नव्हती. मागे जाऊन मी त्यांचे हात धरले तर त्यांनी सोडवून घेतले, आणि तीन दिवस त्या माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. चौथ्या दिवशी ऊन पडलं होतं. हिरवळीवर शेंगदाणे सोलत बसलो असताना आपणहून म्हणाल्या, "तू काऊन रडून राहिली? चूक तुझी नाही. फाईली मी पुसायला हव्या होत्या."

"पुसल्या का नाही?"

"मागच्याशी ताडून पाहायला लागते ना."

मग त्यांनी सांगितलं. यंत्र आलं त्या आठवड्यात सहज गंमत म्हणून त्या बसल्या आणि पायऱ्या दिसल्या. विनूदादांच्या रेघेसारख्याच. त्या रात्री त्यांनी असेल नसेल ते सगळं वाचून काढलं. भावंडांच्या नजरेत असं दिसू शकतं, त्याचा अर्थ आजार येणारच असा नाही, हे त्यांना दुसऱ्या दिवशीच कळलं होतं. पण रोज बघायची सवय लागली. आज पायऱ्या वाढल्या का? कमी झाल्या का? तेव्हा डेराबस्सीच्या एका औषध कारखान्यातले इंजिनियर वानखडे त्यांना मागणी घालून बसले होते. चांगला माणूस, विनूदादांना सांभाळायलाही तयार. "त्यांना म्हटलं, सहा महिने थांबा. मनात म्हटलं, तेवढ्यात रेघ सुधरली तर हो म्हणीन. सहा महिन्यांनी रेघ तशीच. मग अजून सहा महिने. दोन वर्षं थांबले बिचारे. कारण नाही सांगतलं मी. काय सांगू, माझी रेघ चांगली नाही म्हणून?"

"मंगलताई, तुम्हीच रोज सगळ्यांना सांगता, यात काही निघत नाही."

"खरंच आहे ते."

"मग?"

"लोकांसाठी खरं आहे. माझ्यासाठीही खरं आहे." त्यांनी टरफलं पदरात गोळा केली. "पण सकाळी उठली का वाटते, आज पाहून घेऊ. आजच्या दिवस. चाळिशी गेली तेव्हा वाटलं सुटली. मग वाचलं का बायकांना पंचेचाळिशीनंतरही सुरू होऊ शकते. मी आता सत्तेचाळीसची आहे."

मला त्यांचा राग आला. खरंच आला. इतकी शहाणी बाई, शेकडो लोकांच्या मनातली भीती एका वाक्यात काढून टाकणारी, आणि स्वतः रोज सकाळी उठून त्याच पिंजऱ्यात हनुवटी टेकवते! यांना यातून बाहेर काढायचंच, असं मी ठरवून टाकलं. फौजी माणसाच्या बायकोला मोहिमेवर निघायला वेळ लागत नाही.

यंत्राची पुस्तिका कुणी उघडली नव्हती, ती मी पहिल्या पानापासून वाचली. त्यात लिहिलं होतं की यंत्राची तपासणी करायला सोबत एक कृत्रिम डोळा दिलेला आहे. सगळ्यांत खालच्या खणात, जुन्या तारांखाली, त्याची डबी सापडली. वरचं सील तसंच. म्हणजे अकरा वर्षांत यंत्रासाठी कुणालाच रोज सकाळी बसायची गरज नव्हती. मी विजयी वीरासारखी ती डबी त्यांच्यापुढे ठेवली.

त्या हसल्या. "अगं, माहीत आहे मला. खणात मीच ठेवली होती."

तरी त्यांनी माझं ऐकलं. नवऱ्याच्या बदलीचा हुकूम आला होता, माझे तीनच आठवडे उरले होते; कदाचित म्हणूनही असेल. दुसऱ्या दिवसापासून मी आठला जायला लागले. आम्ही दोघी तो खोटा डोळा चौकटीत बसवायचो. तो हलत नाही, त्यामुळे रेघ अगदी सरळ येते. मंगलताई त्या सरळ रेघेकडे कितीतरी वेळ बघत राहायच्या. "किती सुखी आहे पाहा हा," एकदा म्हणाल्या.

मला वाटलं होतं, त्या मोकळ्या होतील. झालं उलटंच. एका गुरुवारी त्या डबा घरी विसरल्या. कुणीही विसरतं. त्या मात्र पांढऱ्या पडल्या. "मी विसरत नाही गं कधी. विनूदादाचंही असंच सुरू झालं होतं, वस्तू विसरायचा." दुसऱ्या दिवशी पंख्याचा आवाज बदललाय का, असं त्यांनी मला तीनदा विचारलं. मलाही तो ऐकू येतोय म्हटल्यावर हुश्श केलं. पेशंटशी बोलताना मधेच थांबायच्या, स्वतःचंच वाक्य तपासल्यासारख्या. रोज सकाळी अर्ध्या मिनिटात जी भीती उरकायची, ती आता दिवसभर त्यांच्या मागे फिरत होती. मी काय करून बसले, ते मला कळत होतं. पण हे त्यांना सांगायचं धाडस झालं नाही.

शेवटच्या दिवशी त्यांनी मला मोहरीच्या तेलाची बाटली आणि गोळाभाताची कृती लिहिलेला कागद दिला. विनूदादाही आले होते. त्यांनी माझा चष्मा पुसला, उजेडात धरून पाहिला, पुन्हा पुसला. मी मंगलताईंना म्हटलं, "मी गेल्यावरही खोटा डोळाच लावाल ना? शपथ घ्या."

"लावीन बाई. शपथ."

दुसऱ्या दिवशी सामानाचा ट्रक हलला आणि पर्समध्ये इस्पितळाचं ओळखपत्र सापडलं. ते जमा करायचं राहिलं होतं. नवऱ्याला गाडी फाटकाशी थांबवायला सांगून मी वर गेले. आठ वाजून गेले होते. कॉरिडॉरमधल्या बाकावर एक बाई आणि तिची कॉलेजातली वाटावी अशी मुलगी लवकरच येऊन बसल्या होत्या. आईने मुलीचं मनगट घट्ट धरलं होतं.

प्रयोगशाळेच्या दाराला काचेची चौकोनी खिडकी आहे. आत अंधार होता. खोट्या डोळ्याची डबी टेबलावर उघडी होती, आणि डोळा तिच्यातच छताकडे बघत पडला होता. मंगलताईंची हनुवटी चौकटीत होती. शाल खांद्यावरून घसरली होती. ठिपका डावीकडून उजवीकडे चालला होता. दुसरा पडदा दाराकडे तोंड करून होता, त्यामुळे रेघ मलाच दिसत होती, त्यांना नाही. पायऱ्या होत्या. जितक्या त्या दिवशी वर्गात होत्या तितक्याच, एकही जास्त नाही. दार ढकलून हे ओरडून सांगावं असं मला फार वाटलं. पण हे त्यांना अकरा वर्षं रोज दिसत होतं, आणि रोज त्या दिवसापुरतंच पुरत होतं. दारावर ठेवलेला हात मी मागे घेतला.

रीडिंग संपलं. त्यांनी मान काढली, पडद्यापाशी जाऊन रेघ पाहिली, वाकून आणखी जवळून पाहिली. त्यांचे खांदे खाली आले. मग बोळा घेऊन त्यांनी चौकट एकदा पुसली, पुन्हा एकदा पुसली. मी जिन्याच्या वळणाशी सरकले.

दार उघडलं. बाकावरची बाई मुलीला घेऊन ताडकन उठली. "मैडम जी, इसमें सब पता चल जाएगा ना?"

"इसमें कुछ नहीं निकलता, बहन जी," मंगलताईंचा आवाज आला, रोजच्यासारखा, तितकाच मनापासून. "डरो मत. मैं खुद रोज बैठती हूँ."